झाकणावरचे चरे, आतली तब्येत

जुना लॅपटॉप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मशीन सुरू करायच्याही आधी झाकणावरून तळहात फिरवतं. मग लॅपटॉप ट्यूबलाइटच्या उजेडात तिरका धरतं. चरा दिसला की कपाळाला आठी पडते आणि घासाघीस सुरू होते. “दादा, यावर तर ओरखडे आहेत.” “ताई, वरचेच आहेत. आतून मशीन फर्स्ट क्लास.” पुढचं सगळं बोलणं त्या चऱ्याभोवतीच फिरत राहतं. त्यापायी पाचशे-हजार रुपये कमी होतात, नाहीतर सौदा मोडतो. बॅटरीत किती जीव उरला आहे, बिजागरी घट्ट आहे का, प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे, हे प्रश्न बहुतेकदा विचारायचे राहूनच जातात.

रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेल्या लॅपटॉपच्या बाजारात झाकणाला असं अवास्तव महत्त्व मिळालं की दोन गोष्टी होतात. धडधाकट मशीन केवळ रूपापायी पडून राहतं आणि दुखणं असलेलं मशीन रंगरंगोटीच्या जोरावर खपून जातं. दोन्हीकडे सर्वांत जास्त मार बसतो तो ज्याचा खिसा सर्वांत हलका आहे त्याला. मानखुर्दमध्ये हा विषय म्हणूनच जिव्हाळ्याचा आहे. इथल्या घरात जुना लॅपटॉप हौसेखातर येत नाही. मुलाचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष असतं, मुलीचा टॅलीचा क्लास असतो, कुणाला घरबसल्या कामाची संधी आलेली असते, आणि त्यासाठी महिनोन्‌महिने पैसे साठवलेले असतात. शहराने टाकून दिलेल्या वस्तू जिथे फुटतात, ती भंगाराची गोदामंही याच परिसरात आहेत. वस्तूचं दुसरं आयुष्य सुरू होणं आणि ते संपणं, दोन्ही मानखुर्दला अगदी जवळून दिसतं.

खाडीच्या अलीकडे

हार्बर मार्गावर मुंबईच्या बाजूचं मानखुर्द हे शेवटचं स्टेशन. पुढे गाडी ठाणे खाडीचा पूल ओलांडून वाशीला जाते. हा मार्ग १९९२ मध्ये खाडीपार गेला. तोवर गाडी मानखुर्दलाच थांबायची. स्टेशनच्या आसपास लल्लूभाई कंपाउंड, पीएमजीपी कॉलनी, साठे नगर, महाराष्ट्र नगर अशा दाट वस्त्या आहेत. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पासाठी रुळांलगतच्या झोपड्या हटवल्या गेल्या, तेव्हा तिथल्या कितीतरी कुटुंबांना लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत घरं मिळाली. महापालिकेच्या हिशेबात हा सगळा भाग एम-पूर्व विभागात येतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच विभाग शहरातल्या सगळ्या विभागांत तळाला होता. त्याचा निर्देशांक होता अवघा ०.०५.

याच विभागात देवनारची क्षेपणभूमी आहे. १९२७ पासून शहराचा कचरा तिथे पडत आला आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याच्या टोकाला मंडाळ्याची भंगार गोदामं आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये प्लास्टिक, तारा, पिंपं, लाकूड, लोखंड असं सगळं वेगळं केलं जातं आणि तिथेही पुन्हा पुन्हा आगी लागतात. फेब्रुवारी २०२१ मधल्या आगीचे काळे लोट दूरवरून दिसत होते. वस्तू अकाली भंगारात निघाली की काय होतं, हे या वस्तीला समजावून सांगावं लागत नाही.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा-कॉलेजं बंद झाली आणि अभ्यास पडद्यावर गेला, तेव्हा अशा वस्त्यांत घरातल्या एकाच मोबाइलवर दोन-तीन भावंडांचे वर्ग आळीपाळीने चालत होते. लॅपटॉप ही चैन नसून अभ्यासाची पाटी-पेन्सिल आहे, हे तेव्हा घराघरांत कळून चुकलं. शाळा पुन्हा भरल्या, तरी ती गरज गेली नाही. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था, गोवंडी-चेंबूरला इंजिनिअरिंग कॉलेजं, खाडीपलीकडे नवी मुंबईतली कॉलेजं आणि कार्यालयं: मानखुर्दच्या मुलांना शिकण्या-कमावण्याच्या जागा गाडीच्या काही स्टेशनांवर आहेत. तिथे पोचायला लागणारं यंत्र मात्र नवं घेतलं तर चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातं. त्यामुळे वाट जुन्या मालाकडे वळते.

माल येतो कुठून, चरे पडतात कसे

बाजारात दिसणारे बहुतेक रिफर्बिश्ड लॅपटॉप घरांतून आलेले नसतात. बँका, विमा कंपन्या, आयटी कंपन्या, कॉल सेंटर अशी मोठी कार्यालयं आपली यंत्रं साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलतात. काही ठिकाणी ती भाडेपट्ट्यावरच घेतलेली असतात आणि मुदत संपली की परत जातात. मग शेकड्यांनी लॉट निघतो. मोठा व्यापारी तो उचलतो, छोटे व्यापारी त्यातले दहा-वीस नग घेतात, आणि साफसफाई, दुरुस्ती होऊन ती यंत्रं लॅमिंग्टन रोडपासून उपनगरांतल्या गाळ्यांपर्यंत पोचतात. डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक, लेनोवोची थिंकपॅड ही नावं या बाजारात सारखी कानावर पडतात, ती यामुळेच.

ही सारी यंत्रं कार्यालयीन वापरासाठीच घडवलेली असतात. मॅग्नेशियम मिश्रधातूची किंवा जाड प्लास्टिकची बांधणी, मजबूत बिजागऱ्या, सहज उघडणारा तळ, कुठेही मिळणारे सुटे भाग हे त्यांचे गुण. त्याच किमतीच्या नव्या, हलक्या घरगुती लॅपटॉपपेक्षा पाच वर्षांचं असं यंत्र अनेकदा दणकट निघतं.

झाकणावरचे चरे त्यांना मिळतात ते बहुतेक याच प्रवासात. लॉट बांधताना एकावर एक लॅपटॉप रचले जातात. मध्ये फोम नसला की वरच्याच्या तळाचे स्क्रू आणि रबरी पाय खालच्याच्या झाकणावर घासतात. टेम्पोच्या प्रत्येक हिसक्याला एक रेघ उमटते. कंपनीचं मालमत्ता-क्रमांकाचं स्टिकर काढताना गोंदाचा चौकोन राहतो, कधी रंगच निघून येतो. रोज डॉकिंग स्टेशनवर बसवलेल्या यंत्राच्या तळाला आणि कडेला घासल्याच्या खुणा असतात. बॅगेत चार्जरसोबत कोंबलेल्या यंत्राच्या कोपऱ्यांची झिलई जाते. यांतल्या एकाही खुणेचा यंत्राच्या चालण्याशी संबंध नसतो.

ए, बी, सी, डी

या धंद्यात लॅपटॉपच्या अंगाचे चार भाग मानतात. वरचं झाकण म्हणजे ए पॅनल, स्क्रीनभोवतीची चौकट म्हणजे बी, तळहात टेकतात तो कीबोर्डचा भाग सी आणि तळ डी. कारागिराला “सी पॅनल बदललंय” एवढं सांगितलं तरी बरंच काही कळतं. गिऱ्हाइकानेही ही चार अक्षरं लक्षात ठेवावीत, कारण प्रत्येक भागावरच्या खुणेचा अर्थ निराळा असतो.

कोणती खूण कशी दिसेल, हे अंग कशाचं बनलं आहे यावरही ठरतं. ॲल्युमिनियमच्या बॉडीवर ॲनोडायझिंगचा काही मायक्रॉनचा कठीण थर असतो. तो सहजासहजी चरत नाही, पण एकदा चरला की खालचा चकचकीत धातू उघडा पडतो आणि पॉलिशने ती रेघ भरून येत नाही. उलट घासलं तर आजूबाजूचा रंगही जातो. मॅग्नेशियम मिश्रधातूवर रंग असतो. तो कोपऱ्यांवर उडाला की राखाडी धातू दिसतो. काही मॉडेलांवर रबरासारखा मऊ लेप असतो. आपल्याकडच्या दमट हवेत काही वर्षांनी तो चिकट होतो, नखाने निघतो आणि यंत्र मळकट वाटू लागतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कारागीर हा लेप पुसून काढतात. खालचं प्लास्टिक मग साधं दिसतं, पण हाताला स्वच्छ लागतं. कीबोर्डची बटणं बहुधा एबीएस प्लास्टिकची असतात. बोटांच्या घर्षणाने त्यांचा खरखरीतपणा जातो आणि ती तेलकट चमकू लागतात. कितीही पुसली तरी ही चमक जात नाही, कारण तो डाग नसून झीज आहे.

पूर्वी घरोघरी पितळेची भांडी पोचे पडलेली असत, पण आतली कल्हई शाबूत आहे ना, एवढंच गृहिणी पाहत असे. जुन्या लॅपटॉपकडे त्याच नजरेने पाहायला हवं.

नव्यालाही सूट असते

नवं ते निर्दोष आणि जुनं ते सदोष, हा समज मोडायला पडद्याचंच उदाहरण पुरेसं आहे. फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त पिक्सेल असतात. त्यातले किती बिघडलेले चालतील, याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे: आयएसओ ९२४१-३०७. त्यातल्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे सतत पेटलेले दोन, सतत विझलेले दोन आणि काही उपपिक्सेल अडकलेले असले, तरी पडदा मानकात बसतो. कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या पडद्यालाही दोषाची मर्यादा ठरवून दिलेली आहे. मात्र ती लिहिलेली आहे आणि मोजता येते.

जुन्या मालात नेमकी हीच लेखी मर्यादा नसते. “ए ग्रेड”, “मिंट”, “लाइक न्यू” हे शब्द दुकानागणिक बदलतात. एकाचा ए ग्रेड म्हणजे चरा शोधावा लागेल असा माल, दुसऱ्याचा ए ग्रेड म्हणजे चालू स्थितीतला कुठलाही माल. व्याख्या करणं अशक्य नाही. ॲमेझॉनच्या रिन्यूड योजनेत उत्तम दर्जासाठी अशी कसोटी आहे की यंत्र १२ इंचांवर धरलं असता त्यावरची खूण दिसता कामा नये आणि बॅटरीची क्षमता किमान ८० टक्के उरलेली असावी. पुनर्वापर उद्योगातलं आर-टू हे आंतरराष्ट्रीय मानक एक पाऊल पुढे जातं. त्यात यंत्राचं दिसणं आणि यंत्राचं चालणं या दोन वेगवेगळ्या श्रेणी आहेत. माहिती पुसली आहे की नाही, याची नोंदही स्वतंत्र असते. म्हणजे दिसायला जेमतेम पण चालायला उत्तम, असं एखाद्या यंत्राबद्दल प्रामाणिकपणे सांगण्याची सोय तिथे आहे. आपल्या गल्लीतल्या बाजारात एकाच अक्षरात दोन्ही कोंबलेली असतात आणि सगळी फसगत त्या एका अक्षरातून सुरू होते.

वापराच्या खुणा आणि माराच्या खुणा

गिऱ्हाइकाने पहिल्यांदा करायचं काम म्हणजे खुणांची विभागणी. वापराने पडलेल्या खुणा एकीकडे, माराने, पाण्याने किंवा बिघाडाने पडलेल्या दुसरीकडे. पहिल्यांवर किंमत कमी करून घ्यावी. दुसऱ्या दिसल्या की कितीही स्वस्त असलं तरी आधी चौकशी करावी.

ए पॅनलवरचे उथळ चरे, सी पॅनलवर तळहाताच्या जागी आलेली चकाकी, पुसट झालेली अक्षरं, तळाचे ओरखडे, स्टिकरचा डाग या वापराच्या खुणा. त्यांनी काही बिघडत नाही. उलट बटणं घासलेली आहेत आणि सी पॅनल मात्र कोरं करकरीत आहे, असं दिसलं तर ते नंतर बदललेलं आहे हे कळतं आणि का बदललं, हे विचारता येतं.

कोपऱ्यातला पोचा ही माराची खूण. लॅपटॉप पडला की बहुधा कोपऱ्यावर पडतो. पोचा चार्जिंगच्या किंवा यूएसबीच्या खाचेजवळ असेल, तर पिन घालून हलवून पाहावी. चार्जिंग सुटत असेल तर आतली सोल्डर हलली असण्याची शक्यता असते. पोचा बिजागरीजवळ असेल, तर झाकण दोन-चार वेळा सावकाश उघडून मिटावं. कडकड आवाज आला, चौकट उकलली किंवा सी पॅनल वर उचललं गेलं, तर प्रकरण गंभीर आहे. बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नळ्यांत घट्ट होतात. बिजागरी कडक झाली की त्या नळ्या प्लास्टिकसकट उखडतात. बाहेरून दिसते ती केसाएवढी भेग, पण तिच्यापायी पुढे पॅनल आणि स्क्रीनची केबल दोन्ही जाऊ शकतात. एका नजरेत सुटणारी ही भेग झाकणावरच्या दहा चऱ्यांहून महाग पडते.

टचपॅड मध्ये फुगलेला किंवा एका बाजूने उचललेला असेल, तळ सपाट टेबलावर डुगडुगत असेल, तर खाली बॅटरी फुगलेली असू शकते. अशा बॅटरीमुळे आग लागण्याचा धोका असतो. असं यंत्र बॅटरी बदलून मिळाल्याशिवाय घरी नेऊ नये. लहान मुलं असलेल्या एका खोलीच्या घरात तर मुळीच नाही.

तळाचे रबरी पाय गळालेले असणं ही क्षुल्लक खूण वाटते. पण त्या पायांमुळे तळाखाली हवेला वाट मिळते. पाय नसले की पंख्याला हवा पुरत नाही आणि यंत्र तापतं. हा थोडक्या पैशांत होणारा इलाज दुकानदाराकडूनच करून घ्यावा.

स्क्रूंकडे बारकाईने पाहावं. डोकी झिजलेली असतील, एखाददुसरा गायब असेल, तर यंत्र अनेकदा उघडलं गेलं आहे. स्क्रूवर, खाचांच्या कडांवर गंज किंवा हिरवट-पांढरा थर दिसला तर पाणी शिरल्याची शंका घ्यावी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. ती तारीख सगळ्यांना आठवते, पण तळमजल्यावरच्या कार्यालयांत आणि गोदामांत पाणी शिरण्याचे प्रसंग त्यानंतरही आले आहेत. भिजलेलं यंत्र वाळवून सुरू होतं, महिनाभर नीट चालतं आणि मग आतल्या गंजाने बोर्ड जातो.

पडद्यावरच्या खुणाही एकसारख्या नसतात. बंद पडद्यावर कीबोर्डच्या चौकोनांचे ठसे दिसतात, ते बोटांच्या तेलाचे असतात. घट्ट बॅगेत बटणं स्क्रीनला टेकून ते उमटतात. मऊ ओल्या कापडाने पुसल्यावर गेले तर डाग, राहिले तर लेपावरची झीज. चालू केल्यावर दिसणारे अंधूक पांढरे ठिपके मात्र दाबाचे असतात, ते मागच्या प्रकाशथरात असल्याने पुसून जात नाहीत. पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं अशी पाच चित्रं पडद्यावर पाहिली की बहुतेक दोष उघड होतात. उभी रेघ दिसली, झाकण हलवताना चित्र थरथरलं, तर किंमत कितीही कमी केली तरी मशीन परत ठेवावं.

न दिसणाऱ्या खुणा

यंत्राच्या वयाची खरी साक्ष झाकणावर मिळत नाही. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढण्याची आज्ञा आहे. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची भरलेली क्षमता असे दोन आकडे मिळतात. मूळ ५० वॅट-तास असून आता ३० भरत असतील, तर बॅटरी ६० टक्के उरली आहे. एसएसडीची तब्येत दाखवणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत. ती दुकानातच चालवून पाहता येतात.

दुसरी अदृश्य खूण कंपनीच्या कुलपाची. कार्यालयाने बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीला, पासवर्ड ठेवलेला असतो किंवा यंत्र आपल्या नियंत्रण-व्यवस्थेत नोंदवलेलं असतं. नोंद काढली नसेल, तर विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडल्यावर जुन्या कंपनीचं लॉगिन पान उभं राहतं. म्हणून विकत घेताना मशीन रीसेट करून, वायफाय जोडून, पहिल्यापासून सुरू करून दाखवायला सांगावं. याला वेळ लागतो, पण तेवढा वेळ न देणारा दुकानदार निवडू नये.

तिसरी खूण पिढीची आणि सध्या ती सर्वांत महत्त्वाची. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलच्या बाबतीत, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच अधिकृतपणे चालतात. लॅपटॉपमधले आठव्या पिढीचे प्रोसेसर २०१७ च्या उत्तरार्धापासून आले. प्रोसेसरच्या नावातला आकडा वाचला की पिढी कळते: आय-फाइव्ह ६३०० यू म्हणजे सहावी, आय-फाइव्ह ८२५० यू म्हणजे आठवी. त्यामुळे कोरं दिसणारं सहाव्या पिढीचं यंत्र आणि चऱ्यांनी भरलेलं आठव्या पिढीचं यंत्र समोर असतील, तर विद्यार्थ्याने दुसरं घ्यावं. सहावी-सातवी पिढीही निरुपयोगी होत नाही. उबुंटू किंवा मिंटसारख्या मोफत लिनक्स प्रणालीवर ती लिखाण, अभ्यास, इंटरनेट ही कामं उत्तम करते. फक्त हे माहीत असून, त्या भावात घ्यावी.

रंग, पुट्टी आणि स्किन

गिऱ्हाईक चरा पाहून भाव पाडतं, म्हणून दुकानदार चरा झाकतो. झाकण्याचे उपाय तीन. पहिला स्किन, म्हणजे विनाइलचं छापील आवरण. दुसरा रंग: गाडीच्या पत्र्याला करतात तसं पोच्यात पुट्टी भरायची, घासायची, प्रायमर मारायचा आणि फवाऱ्याने रंग द्यायचा. तिसरा, पॅनलच बदलायचं. कधी मूळ, कधी दुसऱ्या निकामी यंत्रातून काढलेलं, कधी नकली.

यात मुळात वाईट काही नाही. हे हाताचं कसब आहे आणि त्यावर अनेकांची घरं चालतात. एकाच मिश्रणाने जुळता राखाडी रंग साधणारा, अक्षरं न बिघडवता कीबोर्डची चौकट रंगवणारा कारागीर आदरालाच पात्र आहे. वाईट आहे ते न सांगणं. पुट्टीखाली बिजागरीची भेग दडली, स्किनखाली पाण्याने सुटलेला लेप दडला, जाळीच्या भोकांत रंग बसून हवा अडली, तर साज चढवताना यंत्राचा धोका वाढवला गेला. म्हणून रंगवलेलं मशीन घेताना बिजागरीची जागा, कोपरे आणि हवेची जाळी ही तीन ठिकाणं बोटाने चाचपावीत, आणि स्किन लावलेली असेल तर एक कोपरा उचलून दाखवायला सांगावा.

बाजारात गिऱ्हाइकालाही आपला वाटा उचलावा लागेल. चरा दिसताच भाव पाडणारं गिऱ्हाईक दुकानदाराला चरा लपवायलाच शिकवतं. चऱ्याकडे दुर्लक्ष करून बॅटरीचा रिपोर्ट मागणारं गिऱ्हाईक त्याला बॅटरी बदलायला शिकवतं. साधारण पंधरा ते पंचवीस हजारांच्या यंत्रात दोन हजार रुपये रंगावर जावेत की बॅटरीवर, हे अखेर मागणी ठरवते. गरीब घराने तरी तो पैसा बॅटरीवर जाईल असं पाहावं.

रूपाचा प्रश्न मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. वर्गात सगळ्यांसमोर खरवडलेला लॅपटॉप उघडायला अठरा वर्षांच्या मुलीला संकोच वाटतो, आणि वस्तीचं नाव सांगतानाही ज्यांना कधी लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात त्या मुलांचा संकोच अधिक खोल असतो. त्यांना स्वच्छ, नीटनेटकं यंत्र हवंसं वाटणं रास्त आहे. त्यासाठी चारशे-पाचशे रुपयांची स्किन जरूर लावावी. ती आतलं सगळं तपासल्यावर लावावी, एवढंच.

कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे

जुन्या मालाला कायदा लागू नाही, असा समज सर्रास दिसतो. तो चुकीचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. दुरुस्त केलेला, नूतनीकरण केलेला किंवा जुना माल नवा म्हणून खपवणं त्या व्याख्येत स्पष्ट शब्दांत येतं. मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणंही त्यात येतं. विकलेल्या वस्तूचं बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीदेखील. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

पण या सगळ्याचा पाया बिल आहे. “सात दिवसांची चेकिंग वॉरंटी, बिलाची काय गरज” असं म्हणत केलेला व्यवहार पुढे सिद्ध करणं कठीण. बिलावर मॉडेल, सीरियल नंबर, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, बॅटरीची उरलेली क्षमता लिहून घ्यावी आणि खाली एक ओळ चऱ्यांची: ए पॅनलवर दोन चरे, उजव्या कोपऱ्यात पोचा, सी पॅनल रंगवलेलं. चारही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये काढून दुकानदाराला तिथेच पाठवावेत. यात दुकानदाराचंही संरक्षण आहे, कारण घरी पाडून आणलेल्या पोच्याचा दोष मग त्याच्यावर येत नाही.

देशाचे ई-कचऱ्याचे नवे नियम २०२२ मध्ये आले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत रिफर्बिश करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची आहे. वस्तूचं आयुष्य वाढवलं तर उत्पादकाची पुनर्चक्रणाची जबाबदारी पुढे ढकलली जाते आणि वाढीव आयुष्य संपल्यावर त्यातली ७५ टक्केच मोजली जाते. वस्तू जास्त काळ वापरात राहणं म्हणजे कचरा कमी होणं, हे या नियमांनी हिशेबात मान्य केलं आहे.

चेहऱ्यावरून नाकारलेलं यंत्र जातं कुठे

संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांनी २०२४ मध्ये काढलेल्या जागतिक अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद आहे. उरलेला कुठे गेला, याची कल्पना मंडाळा-देवनारच्या रहिवाशांना करून द्यायला नको. लॅपटॉपच्या प्लास्टिकमध्ये आग रोखणारी ब्रोमीनयुक्त रसायनं असू शकतात, जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं, बॅटरीत लिथियम असतं. ते उघड्यावर जाळलं, फोडलं की धूर आणि विष वस्तीच्याच वाट्याला येतं. दुसरीकडे, एका लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा तो वापरताना होत नाही, बनवतानाच होऊन गेलेला असतो. चालू यंत्र चार वर्षं आणखी चाललं, तर तेवढ्यापुरती नव्याची गरज टळते.

म्हणून कार्यालयांना पहिली विनंती. लॉट काढताना प्रत्येक दोन यंत्रांमध्ये फोमचा तुकडा घाला, चार्जर सोबत द्या, बायोसचा पासवर्ड आणि व्यवस्थेतली नोंद काढून टाका. हे तुमच्या आयटी विभागाचं एका दिवसाचं काम आहे आणि त्याने शेकडो यंत्रं भंगारापासून वाचतात. दुकानदारांना विनंती की दिसण्याचा आणि चालण्याचा दर्जा वेगवेगळा लिहा, रंगवलं असेल तर सांगा. कॉलेजांना विनंती की प्रवेशाच्या दिवसांत एखाद्या शनिवारी संगणक विभागाच्या विद्यार्थ्यांकडून जुने लॅपटॉप मोफत तपासून देण्याचं टेबल मांडा. आपल्याच होणाऱ्या वर्गमित्रांचे पैसे त्यातून वाचतील.

आणि जो वाचक या दिवाळीत घरातल्या मुलासाठी जुना लॅपटॉप घ्यायला निघाला आहे, त्याला एवढंच सांगणं: झाकणावरचा चरा पाहून मागे फिरू नका आणि झाकण चमकतं म्हणून पुढे जाऊ नका. पिढी, बॅटरी, बिजागरी, पडदा आणि बिल या पाच गोष्टी ठीक असतील, तर चऱ्यांबद्दल चार पैसे कमी करून घ्या आणि मशीन घरी न्या.